मांजराचे पिल्लू माणसाळते कसे?

घरात मांजराचे पिल्लू येणार, ही वार्ता कानी पडताच मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. त्याचे नाव काय ठेवायचे, ते रात्री कोणाजवळ झोपणार, त्याची वाटी कोणी भरायची, यांवरून आधीच वाद सुरू होतात. अखेर एके दिवशी टोपलीतून पिल्लू येते. टोपलीवरचे फडके दूर होते, पाच-सहा हात एकदम पुढे सरसावतात, आणि पिल्लू उडी मारून जे कपाटाखाली शिरते ते काही केल्या बाहेर येत नाही. कोणी काठीने ढोसतो, कोणी शेपटी धरून ओढू पाहतो. पिल्लू अंग फुगवते, फिसकारते आणि पुढे आलेल्या हातावर पंजा मारते. हातावर रक्ताची रेघ उमटते आणि 'हे पिल्लू दुष्ट आहे' असा निकाल देऊन सारे मोकळे होतात.

वस्तुतः ते पिल्लू दुष्ट नसते. ते भ्यालेले असते. दोन महिन्यांच्या पिल्लाचे वजन जेमतेम पाऊण-एक किलोग्रॅम भरते. त्याची आई, त्याची भावंडे, त्याची ओळखीची जागा ही सर्व एका क्षणात नाहीशी झालेली असतात. त्याच्या दृष्टीने पुढे आलेला माणूस म्हणजे चालता-बोलता डोंगरच होय. अशा प्रसंगी लपणे हा त्याचा अपराध नव्हे, तर शहाणपणा आहे.

मराठीत 'पाळणे' आणि 'माणसाळणे' असे दोन शब्द आहेत. पिल्लू घरी आणून त्याला खाऊपिऊ घालणे म्हणजे पाळणे. हे काम माणसाच्या हातातील आहे. परंतु माणसाळणे हे काम पिल्लाचे आहे. 'हा माणूस मला इजा करणार नाही' अशी त्याची खात्री पटली, म्हणजे ते आपण होऊन माणसाळते. ही खात्री बळाने पटवता येत नाही. ती धीराने पटवावी लागते.

मांजराचा स्वभाव असा का झाला, हे समजण्यासाठी त्याच्या कुळाकडे पाहिले पाहिजे. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. लांडगे कळप करून राहतात आणि एकजुटीने शिकार करतात. म्हणून माणसाच्या आज्ञेत वागणे कुत्र्याला फारसे अवघड जात नाही. घरगुती मांजराचे पूर्वज मात्र आफ्रिका आणि पश्चिम आशिया या प्रदेशांतील रानमांजरे होत. ती एकेकटी हिंडतात, एकेकटी शिकार करतात. माणूस शेती करू लागला आणि धान्याच्या राशी साठवू लागला, तेव्हा धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरे आली. त्यांना कोणी दोरी लावून आणले नाही. माणसाच्या वस्तीजवळ राहण्यात त्यांचा लाभ होता आणि मांजर जवळ असण्यात माणसाचा लाभ होता. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन उत्खननात सापडले. त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात माणसाच्या सांगाड्याजवळच एका मांजराचा सांगाडा काळजीपूर्वक पुरलेला होता. त्या बेटावर मूळची रानमांजरे नव्हती. अर्थात माणसांनीच त्यांना नावेतून तेथे नेले असले पाहिजे. इतक्या प्राचीन काळापासून ही सोबत चालत आली आहे. पण ती मालक आणि सेवक यांची सोबत नसून शेजाऱ्यांची सोबत आहे, हे विसरून चालत नाही.

पिल्लू माणसाळण्याची सुरुवात ते आपल्या घरी येण्यापूर्वीच होते. जन्मतः पिल्लाचे डोळे मिटलेले असतात. साधारणपणे एक-दोन आठवड्यांत ते उघडतात. या काळात मांजरी आपली पिल्ले तोंडात धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवीत असते. 'मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते' अशी समजूत आपल्याकडे आहे, ती यावरूनच पडली. घरे बरोबर सात असतात असे नव्हे. पण जागेला गलका झाला, माणसांचा वावर वाढला किंवा बोक्याचे भय वाटले, की मांजरी पिल्लांना सुरक्षित स्थळी नेते, हे खरे आहे. आई मानेला धरून उचलते तेव्हा पिल्लू अंग सैल सोडून स्वस्थ लोंबकळते. मुळीच धडपड करीत नाही. वैष्णव आचार्यांनी भक्ताच्या संपूर्ण शरणागतीला 'मार्जारन्याय' असे नाव दिले, ते हेच दृश्य डोळ्यांपुढे ठेवून. परंतु आईचे पाहून मुलांनी मात्र पिल्लाला मानेला धरून उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा हात मागील पायांखाली घालून त्याला अलगद उचलावे, म्हणजे त्याला आधार वाटतो.

दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात फार मोलाचा असतो. या अवधीत ज्यांचा सहवास घडतो, त्यांना ते आपले मानू लागते. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श या संशोधिकेने १९८० च्या दशकात याविषयी प्रयोग केले. तिसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ प्रेमाने हाताळलेली पिल्ले पुढे माणसाजवळ अधिक रमतात, आणि ज्यांना सातव्या आठवड्यानंतर प्रथम हाताळले जाते ती तितकी रमत नाहीत, असे त्यांना आढळून आले. तेव्हा घरातील मांजरीला पिल्ले झाली असतील, तर तिसऱ्या आठवड्यापासून, तिच्या देखत आणि तिला न चिडवता, त्यांना रोज थोडा वेळ हातात घ्यावे. मात्र त्यांना आईपासून लवकर तोडू नये. पिल्लू किमान आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहिले पाहिजे. चावा किती जोरात घेतला म्हणजे दुसऱ्याला लागते, हे ते भावंडांशी झोंबाझोंबी करतानाच शिकते. तो धडा चुकला, तर पुढे माणसाच्या हातालाच तो सोसावा लागतो.

नवे पिल्लू घरी आले, की त्याला एकदम सारे घर मोकळे करून देऊ नये. घरातील एक शांत खोली किंवा खोलीचा एक कोपरा त्याला द्यावा. तेथे एक आडवे खोके ठेवून त्यात जुने, मऊ लुगडे अंथरावे. ते ज्या घरातून आले, तेथील एखादे फडके सोबत आणले तर उत्तमच. ओळखीच्या वासाने त्याचा जीव थाऱ्यावर येतो. एका बाजूला अन्न व पाणी ठेवावे आणि दूर, दुसऱ्या बाजूला वाळूचे पसरट घमेले ठेवावे. मग मुलांनी करावयाचे सर्वांत अवघड काम सुरू होते. ते काम म्हणजे काहीही न करणे. खोलीत जमिनीवर बसावे, पुस्तक वाचावे, हळू आवाजात बोलावे. पण पिल्लाच्या मागे लागू नये. कोणाचे पिल्लू तासाभरात बाहेर येते, कोणाचे दोन-तीन दिवस घेते. बाहेर आल्यावर ते प्रथम दुरून पाहते, नंतर एक पाऊल पुढे आणि दोन मागे असे करीत जवळ येते. त्या वेळी हात त्याच्या डोक्यावरून नेऊ नये. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर स्थिर धरावे. पिल्लू ते हुंगते आणि मान्य झाल्यास आपला गाल त्यावर घासते. गालाजवळ आणि हनुवटीखाली मांजराच्या गंधग्रंथी असतात. गाल घासून ते माणसाला जणू आपला वास लावते, म्हणजे ओळखीच्या यादीत त्याचे नाव घालते. मग गाल, हनुवटी आणि कानांमागचा भाग हळुवार कुरवाळावा. पोटाला व शेपटीला मात्र बहुतेक मांजरे हात लावू देत नाहीत.

डोळ्यांची भाषाही येथे उपयोगी पडते. एकटक रोखून पाहणे मांजराला धमकीसारखे वाटते. याउलट पापण्या अर्धवट मिटून सावकाश उघडल्या, तर त्याला निर्धास्त वाटते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली याची परीक्षा घेतली. माणसाने असे सावकाश डोळे मिचकावले, तर मांजरेही तसेच उत्तर देतात आणि पुढे केलेल्या हाताजवळ अधिक संख्येने येतात, असे त्यांना दिसून आले. घरातल्या पिल्लावर हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल.

आहाराविषयी एक गैरसमज घरोघरी आढळतो. मांजराचे नाव काढले, की दुधाची वाटी डोळ्यांपुढे येते. पण आईचे दूध सुटल्यानंतर बहुतेक मांजरांची दुधातील साखर पचविण्याची शक्ती कमी होते. गाईम्हशीचे दूध प्याल्याने पुष्कळ पिल्लांना हगवण लागते, आणि लहान पिल्लाच्या अंगातील पाणी कमी झाले तर ते दगावूही शकते. पिल्लाला प्यायला स्वच्छ पाणीच द्यावे. मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक आवश्यक घटक त्याला मांस आणि मासळी यांतून मिळतो. तो न मिळाल्यास त्याच्या डोळ्यांना व हृदयाला अपाय होतो. म्हणून केवळ दूधपोळीवर किंवा दहीभातावर मांजर निरोगी राहू शकत नाही. बिनमसाल्याचे शिजवलेले मांस, काटे काढलेली मासळी, उकडलेले अंडे, अथवा पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य त्याला द्यावे. ज्या घरात मांसमासळी शिजत नाही, तेथे हे तयार खाद्य सोयीचे पडते. पिल्लाचे पोट लहान असते. तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. कांदा, लसूण व चॉकलेट हे पदार्थ मांजराला विषारी आहेत. माणसाची तापावरची पॅरासिटामॉलची गोळी तर त्याच्या जिवावर बेतते. म्हणून माणसाचे औषध त्याला कधीही देऊ नये.

स्वच्छतेचे शिक्षण मांजराला फारसे द्यावे लागत नाही. भुसभुशीत माती उकरून तीत विष्ठा झाकण्याची ओढ त्याच्या अंगी जन्मजात असते. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर पिल्लाला वाळूच्या घमेल्यात नेऊन ठेवले, की चार-दोन दिवसांत त्याला जागा कळते. ही वाळू रोज साफ करावी. घाण जागी मांजर जात नाही. कधी चूक झाली, तर काही लोक पिल्लाचे नाक त्या घाणीत घासतात. ही रीत क्रूर आहे आणि निरुपयोगीही आहे. मघाशी झालेल्या गोष्टीबद्दल आता शिक्षा मिळत आहे, हा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. त्याला एवढेच कळते, की या माणसाचा हात दुखवतो. अनेक दिवसांच्या धीराने मिळवलेला विश्वास अशा एका फटक्याने नाहीसा होतो.

नखांविषयीही असेच आहे. खरवडणे ही मांजराची खोड नसून गरज आहे. त्यामुळे नखांची जुनी टरफले निघून जातात, अंगाला ताण मिळतो आणि आपल्या जागेवर खूण उमटते. तेव्हा 'खरवडू नको' असे त्याला सांगण्यापेक्षा 'येथे खरवड' असे सांगणे शहाणपणाचे ठरते. एका लाकडी ओंडक्याला काथ्या गच्च गुंडाळून तो उभा करावा, किंवा गोणपाटाचा तुकडा फळीवर ठोकून ठेवावा. पिल्लाने त्यावर नखे चालवली, की खाऊचा एक घास देऊन त्याचे कौतुक करावे. ते खुर्चीकडे वळले, तर न रागावता त्याला उचलून पुन्हा ओंडक्याजवळ आणावे. खेळतानाही आपल्या हाताची बोटे नाचवून त्याला चावायला लावू नये. आज गोड वाटणारा तो चावा सहा महिन्यांनी गोड वाटत नाही, कारण तोवर त्याचे दुधाचे दात जाऊन पक्के दात आलेले असतात. काठीला दोरीने चिंधी बांधून ती जमिनीवरून सरपटत न्यावी. पिल्लू दबा धरते, कुल्ले हलवते आणि झेप घेते. शेवटी त्याला ती चिंधी पकडू द्यावी, म्हणजे त्याच्या शिकारीचे समाधान होते. खेळ संपला, की दोरी मात्र उचलून ठेवावी. गिळलेला दोरा आतड्यात अडकून प्राणघातक ठरतो.

मांजराला आपले नाव कळते काय? जपानमधील आत्सुको साइतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की घरगुती मांजरे आपले नाव आणि तशाच लांबीचे इतर शब्द यांतील भेद ओळखतात. म्हणून पिल्लाला एकच छोटे नाव ठेवावे. घरातील एकाने मनी, दुसऱ्याने चिंगी आणि तिसऱ्याने राणी म्हटले, तर ते बिचारे गोंधळून जाते. जेवण देताना व कुरवाळताना ते नाव घ्यावे. रागावताना किंवा औषध पाजताना घेऊ नये. नावामागून काहीतरी चांगले येते असा अनुभव आला, म्हणजे हाक ऐकून ते धावत येते. त्याच वर्षी अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटे एकटे ठेवून मग पाळणाऱ्या माणसाला परत आत पाठवले. सुमारे ६४ टक्के पिल्ले तो माणूस दिसताच निर्धास्त झाली आणि पुन्हा खोलीत हिंडूफिरू लागली. लहान मूल आईच्या आधाराने जसे नव्या जागी रमते, तसाच हा प्रकार होय. 'मांजराला माया नसते' असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

मायेबरोबर जबाबदारीही येते. साधारण आठव्या आठवड्यापासून पिल्लाला पशुवैद्याकडून रोगप्रतिबंधक लसी टोचून घ्याव्यात. सुमारे तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लसही द्यावी. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम क्षुल्लक दिसली तरी ती लपवू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, लगेच मोठ्यांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. आणखी एक गोष्ट मोठ्या माणसांनी करावयाची आहे. मांजर वयात येण्याच्या सुमारास त्याच्यावर संततिप्रतिबंधाची शस्त्रक्रिया करून घ्यावी. नाहीतर वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले होतात, ती कोणाला नको असतात, आणि मग त्यांना पोत्यात घालून दूर बाजारात किंवा देवळामागे सोडून देण्यात येते. माणसावर विश्वास ठेवायला नुकतीच शिकलेली ती पिल्ले तेथे रात्रभर ओरडत राहतात. त्यांतली फारच थोडी जगतात. ज्याला जन्मभर सांभाळता येणार नाही, त्याने पिल्लू आणूच नये. मांजर बारा-पंधरा वर्षे जगू शकते. आज सहावीत असलेला मुलगा नोकरीला लागेल, तेव्हाही ते घरात असेल.

असा महिना-दोन महिन्यांचा काळ लोटतो. एखाद्या संध्याकाळी मूल जमिनीवर बसून अभ्यास करीत असते. पिल्लू शेपटी ताठ उभारून येते. ही मांजराची स्नेहाची खूण आहे. ते वहीवरून चालत जाते, मांडीवर चढते आणि लहानपणी आईच्या अंगावर करीत असे तसे पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने दाबू लागते. मग अंगाचे वेटोळे करून ते डोळे मिटते आणि घुरघुर असा मंद आवाज सुरू होतो. त्याला कोणी बोलावलेले नसते, कोणी धरून आणलेले नसते. पहिल्या दिवशी कपाटाखाली लपून ज्याने त्या हातावर पंजा मारला, तेच पिल्लू आता त्याच हाताखाली निःशंक झोपलेले असते. मुलाचा पाय अवघडून जातो, गणित अर्धे राहिलेले असते. तरीही मूल हलत नाही.